इनलेची रेघ सुटते तेव्हा: आधी तडा वाचा, मग स्लिप बदला

इनले म्हणजे कच्च्या भांड्यावर चर कोरून त्यांत दुसऱ्या रंगाची माती भरायची. ताटलीवर वेल कोरली, चरांत पांढरी स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली माती, भरली, दुसऱ्या दिवशी तासली, रेघ सुरेख उमटली. तिसऱ्या दिवशी रेघेच्या कडेला केसाएवढी फट. किंवा त्याहून वाईट म्हणजे वाळेपर्यंत सगळं ठीक आणि भट्टीतून निघाल्यावर नख लावलं की पांढरा तुकडा हातात. मग स्लिपची नवी कृती शोधायची, नवं पोतं आणायचं, आणि महिन्याभराने पुन्हा तीच फट.

सातारा-सांगलीकडे शिकणाऱ्यांच्या हातात बहुधा दोन एकमेकींना अनोळखी मात्या असतात. भांड्याच्या अंगाची माती कुंभारवाड्यातली किंवा कृष्णाकाठची. पांढरी स्लिप मात्र राजस्थान-गुजरातकडून पोत्यांनी येणाऱ्या बॉल क्ले (चिकट, भाजल्यावर पांढरी होणारी माती) आणि चायना क्लेची (केओलिन, शुद्ध पांढरी माती). आपली काळी माती बेसाल्ट झिजून झालेली, मॉन्टमोरिलोनाइट या फुगणाऱ्या खनिजाने भरलेली. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तेवढीच आक्रसते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच गुणामुळे. चायना क्ले याच्या अगदी उलट, आटते बेताचीच. या दोघींना दोन मिलिमीटरच्या चरात शेजारी बसवलं की भांडण व्हायचंच. फक्त कोण जास्त आटली हे ओळखायला हवं, कारण दोन्ही बाजूंचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत. चुकीचा उपाय केला तर फट वाढते.

तडा कसा वाचायचा

वाळलेली किंवा बिस्क झालेली, म्हणजे पहिल्यांदा भाजलेली, ताटली घ्या. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च ताटलीच्या कडेला आडवा धरा आणि घड्याळजीच्या भिंगातून रेघ बघा. वरून पडणाऱ्या उजेडात हे दिसत नाही. आडव्या उजेडात मात्र रेघ खाली बसली आहे की वर उचलली आहे ते सावलीवरून लगेच कळतं.

रेघ खाली बसलेली आणि दोन्ही कडांना फट असेल, तर स्लिप जास्त आटली. रेघेला काटकोनात, रेल्वेच्या स्लिपरांसारखे आडवे तडे असतील तरी कारण तेच. कडा नीट धरल्या, पण आटणं लांबीत निघालं, एवढाच फरक.

रेघ पृष्ठभागाच्या वर आलेली असेल, टोकरलं की खपलीसारखी सुटत असेल, किंवा रेघेच्या टोकापासून अंगाच्या मातीतच तडा पुढे पळाला असेल, तर अंग जास्त आटलं. मातीने स्लिपला दोन्ही बाजूंनी दाबलं आणि स्लिपला वर येण्याशिवाय जागा उरली नाही. भट्टीनंतर तुकडे निघतात ते बहुतेक यातलेच.

फट एकाच बाजूला असेल तर कृतीला हात लावू नका. ताटलीची ती बाजू पंख्याकडे किंवा खिडकीकडे होती. आणि तडा चराच्या तळातून मागच्या अंगापर्यंत गेला असेल तर चर फार खोल गेला आहे. अंग ६ मिमी असेल तर चर २ मिमीच्या पुढे नको.

स्लिप जास्त आटत असेल तर

दोष नव्वद टक्के वेळा पाण्याचा असतो, मातीचा नव्हे. स्वयंपाकाच्या काट्यावर १०० मिली स्लिप तोला, भांड्याचं वजन वजा करून. १४० ग्रॅम भरली तर तिच्यात सुकी माती सुमारे ६५ ग्रॅम आणि पाणी ७५ ग्रॅम, म्हणजे मातीहून पाणी जास्त. १७० ग्रॅम भरली तर माती सुमारे ११४ आणि पाणी ५६. पहिली स्लिप ब्रशने छान पसरते, म्हणून सगळे तीच वापरतात. चरात भरली की पाणी उडून जातं आणि निम्मा चर रिकामा राहतो. वरून दुसरा हात दिला की तोही तसाच बसतो.

चर भरायला १६५ ते १७० ग्रॅमची स्लिप हवी. पण नुसतं पाणी कमी केलं तर ती श्रीखंडासारखी घट्ट होते आणि चराच्या तळाशी हवा अडकते. इथे पाणी न वाढवता स्लिप पातळ करणारं सोडियम सिलिकेट कामाला येतं. एक किलो सुक्या मिश्रणाला ३ ग्रॅमपासून सुरुवात करा, कोमट पाण्यात विरघळवून थेंबाथेंबाने घाला आणि ढवळत राहा. घट्ट गोळा अचानक ओघळू लागतो तिथे थांबा. ५ ग्रॅमच्या पुढे गेलात तर स्लिप उलट थिजते, आणि थिजलेली पुन्हा ताळ्यावर आणणं कटकटीचं असतं. काळ्या मातीच्या स्लिपवर ही युक्ती नीट चालत नाही, मॉन्टमोरिलोनाइट दाद देत नाही.

भरायला मेंदीचा कोन घ्या. ब्रशपेक्षा तो कितीतरी बरा, कारण टोक चराच्या तळाला टेकवून भरता येतं आणि हवा वर निघून जाते. कोनाचं तोंड १ मिमीच कापा. भरण्याआधी चरात ओला ब्रश एकदाच फिरवा आणि पाण्याची चकाकी गेली की भरा. पहिला हात ताकाएवढा पातळ, नुसता चराच्या भिंतींना लागेल इतका. तो कोरा दिसू लागला की दुसरा, भज्याच्या पिठाएवढा. तिसरा त्याहून घट्ट, आणि पृष्ठभागाच्या वर १ मिमी उंच. तीन हातांमध्ये घाई केली तर तिन्ही मिळून एकच जाड ओला थर होतो आणि मेहनत फुकट जाते.

अंग जास्त आटत असेल तर

इथे स्लिपचं पाणी कमी करून काही होणार नाही. उलट कडक, कमी आटणारी स्लिप आणखी जोरात उचलली जाईल. उपाय अंगाच्या मातीत आहे.

आधी मोजा. अंगाच्या मातीची १२ सेंमी लांब, ४ सेंमी रुंद, १ सेंमी जाड पट्टी करा आणि तिच्यावर धारदार पात्याने बरोबर १०० मिमीची खूण करा. स्लिप प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या लादीवर ओता, मळण्याजोगी झाली की तिचीही तशीच पट्टी कापा. दोन्ही सावलीत वाळू द्या, मग भाजा, आणि दोन्ही टप्प्यांवर खूण मोजा. १०० ची ९२ झाली तर आटणं ८ टक्के, वेगळं गणित नको. भाजल्यानंतरच्या दोन आकड्यांत एक टक्क्यापेक्षा जास्त फरक नसावा. नुसत्या काळ्या मातीची पट्टी सहज १० टक्क्यांच्या पुढे जाते आणि बऱ्याचदा वाकडीही होते. ती इनलेला घेऊच नये. तिच्यात लाल माती मिसळून शिवाय १५ ते २० टक्के ग्रॉग घाला, म्हणजे भाजून कुटलेलं खापर.

ग्रॉग बारीकच हवा. ६० मेशच्या चाळणीतून, म्हणजे पाव मिलिमीटरच्या भोकातून गेलेला. जाड कण कोरताना हत्याराबरोबर फरपटतो आणि चराची कड करवतीसारखी होते. तासताना तोच कण उपटून निघतो, त्या खड्ड्यात पांढरं बसतं आणि लाल अंगावर पांढरे ठिपके उठतात. कुंभाराच्या मातीत लीद, राख, वाळू असते. माठाला ती उत्तम, पाणी झिरपायला आणि आव्यातली आच सोसायला तीच हवी. पण लिदीचा तंतू चराच्या मधोमध आला की रेघ तुटलीच. कुंभारदादांकडून माती घ्यायची तर लीद मिसळण्याआधीची मागा आणि पाण्यात कालवून ८० मेशमधून गाळून घ्या.

पांढऱ्या स्लिपची सुरुवात म्हणून १०००–१०५० अंशांच्या टेराकोटासाठी बॉल क्ले ४५, चायना क्ले २५, क्वार्ट्झ १५, बोरॅक्स फ्रिट (वितळवून दळलेली काच) १५ हे प्रमाण धरा. आटणं वाढवायचं असेल तर बॉल क्ले ५ ने वाढवून चायना क्ले ५ ने कमी करा, किंवा वरून २ टक्के बेंटोनाइट, म्हणजे खूप फुगणारी बारीक माती, घाला. आटणं कमी करायचं असेल तर चायना क्लेचा निम्मा भाग भाजलेला वापरा. बिस्कच्या भट्टीत एका वाडग्यात घालून ठेवला की काम होतं. भाजताना तिच्यातलं बांधलेलं पाणी जातं आणि १०० ग्रॅमची साधारण ८६ ग्रॅम उरते, तेव्हा तोलून घ्या ते भाजल्यानंतरच. हे प्रमाण देवाज्ञा नव्हे. तुमच्या पट्टीचा आकडा काय सांगतो त्याप्रमाणे ते हलवायचं.

व्हिडिओंमध्ये ‘मिशिमा’ हे जपानी आणि ‘सांगगाम’ हे कोरियन नाव दिसेल. कोरियात गोर्यो काळात, बाराव्या शतकात, करड्या अंगात पांढरी आणि काळी माती भरून वर हिरवट सेलाडॉन ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, देत, ते हेच काम. तिथल्या कृती स्टोनवेअरच्या, १२०० अंशांच्या पुढच्या असतात. टेराकोटावर तशाच उचलल्या तर पांढरा भाग खडूसारखा राहतो आणि बोटाला लागतो.

खरं सांगायचं तर शिकताना लाल अंगात पांढरं भरायला घेणं हीच पहिली चूक. लालात काळं भरा. अंगाचीच माती वाळवून कुटा, चाळा आणि १०० ग्रॅमला ८ ग्रॅम लाल आयर्न ऑक्साइड, ३ ग्रॅम मँगनीज डायऑक्साइड आणि १ ग्रॅम कोबाल्ट ऑक्साइड घाला. अंग आणि स्लिप मुळात एकच, त्यामुळे आटण्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो. फट पडलीच तर ती हाताची किंवा पाण्याची, हे नक्की कळतं. मँगनीज हाताळताना मास्क लावा, आणि भट्टी चालू असताना त्या खोलीत बसू नका.

चर आणि वेळ

नखाने खूण उमटते पण बोटाने दाबलं तर दबत नाही, ती कोरायची वेळ. माती साबणाच्या वडीसारखी कापली गेली पाहिजे. कापताना भुकटी उडत असेल तर उशीर झाला आहे. कडेला चिकट मिशी राहत असेल तर घाई झाली आहे, तासभर थांबा. ती मिशी ओल्या बोटाने दाबून बसवू नका, ती चरात वळते आणि तिच्याखाली स्लिप पोचत नाही. सुकली की कडक ब्रशने झाडा.

चर इंग्रजी ‘व्ही’सारखा नको, ‘यू’सारखा हवा. ‘व्ही’चं तोंड रुंद आणि तळ टोकदार असतो, त्यामुळे तासत जाल तशी रेघ बारीक होते आणि कडेला स्लिपचा थर कागदाएवढा उरतो. तोच आधी सुटतो. जुन्या छत्रीची काडी मुळातच पन्हाळीसारखी असते. तिचं टोक तिरकं घासून लाकडी मुठीत बसवलं की दीड-दोन मिमीचं फर्मास कोरणं तयार होतं. ५ मिमीहून रुंद जागेत स्लिप ओतूच नका. तिथे मळलेल्या मातीची चपटी पट्टी कापून, दोन्ही अंगांना ओरखडे काढून, पातळ स्लिप लावून दाबून बसवा.

भरल्यावर तासायची घाई सगळ्यांना असते. स्लिप ओली आणि अंग कडक असताना तासलं की पात्याबरोबर पांढरं फरपटतं. भांडं प्लॅस्टिकच्या पिशवीत १२ ते २४ तास बंद ठेवा, म्हणजे दोन्हींची ओल सारखी होते. मग हॅक्सॉ ब्लेडच्या मागच्या सरळ कडेने, पातं जवळजवळ आडवं धरून, रेघेला तिरकं तासा. स्पंजने पुसू नका. स्पंज चरातली मऊ स्लिप उचलतो आणि रेघ खोलगट करतो. निघालेली भुकटी मऊ ब्रशने झाडा, फुंकर मारू नका. वाळलेल्या भांड्यावर पॉलिशपेपर तर नकोच, ती धूळ सिलिकाची असते.

एप्रिल-मेमध्ये मिरज-जतकडची दुपारची झळ ताटलीची कड तासाभरात पांढरीफटक करते, मधली माती ओलीच. कडेला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळा. थर्मोकोलच्या खोक्यात तळाला ३ सेंमी प्लॅस्टर ओतून ते भिजवून ठेवा. झाकण लावलं की त्यात भांडं आठवडाभर कोरण्याजोगं राहतं. साताऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये उलटा प्रश्न. कोरायला तो सगळ्यात सुखाचा काळ, भांडं चार-चार दिवस हवं तसं ओलं राहतं. पण वाळलं असं वाटूनही ते वाळलेलं नसतं. गालाला लावून बघा. गार लागलं तर आत पाणी आहे.

पांढरी झाक: स्लिपची की क्षाराची?

तासून स्वच्छ केलेलं लाल अंग वाळल्यावर भुरकट होतं, आणि लोक आणखी तासत बसतात. भुरकटपणा जिथे तासलं तिथेच असेल, ओल्या कापडाने गेला आणि परत आला नाही, तर ती स्लिप. कडेवर, कान्यावर, उंचवट्यांवर, म्हणजे जिथे आधी वाळतं तिथे जास्त असेल आणि पुसूनही परत येत असेल, तर तो क्षार. मातीतलं विरघळलेलं मीठ पाण्याबरोबर बाहेर येतं आणि पाणी उडाल्यावर वरच राहतं. भाजल्यावर ते पक्कं बसतं, मग काही उपाय नाही.

वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत वर्षानुवर्षं उसाला पाणी देऊन क्षारपड झालेल्या जमिनी आहेत. तिथली माती घेतली तर हे व्हायचंच. बांधावर पांढरा फुलोरा दिसत असेल तर ती माती सोडा. घेतलीच असेल तर पिंपात तिप्पट पाण्यात कालवा, दोन दिवस निवळू द्या, वरचं पाणी ओतून द्या, आणि असं तीनदा करा. काळ्या मातीला निवळायला वेळ लागतो, धीर धरा. पाणी बोअरचं वापरलं तर गेलेलं मीठ परत येतं. शिवाय बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम स्लिपलाही थिजवतं आणि सोडियम सिलिकेटचा परिणाम मारतं. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी वापरा. यावर बेरियम कार्बोनेट घाला असा सल्ला मिळतो. ते विषारी आहे, घरातल्या कामात आणू नका.

आणखी एक गैरसमज चुनखडीचा. भाजून चार-आठ दिवसांनी रेघेजवळ टपकन खपली उडते आणि स्लिपवर खापर फुटतं. खड्ड्याच्या तळाशी ज्वारीच्या कणीएवढा पांढरा ठिपका बघा. तो चुनखडीचा खडा. भट्टीत त्याचा कळीचा चुना झाला, हवेतल्या ओलीने तो फुगला आणि माती फोडून बाहेर आला. कच्च्या मातीतला संशयित खडा व्हिनेगरमध्ये टाका, बुडबुडे आले की तोच. ८० मेशमधून गाळलेल्या मातीत हा प्रश्न उरत नाही.

भट्टी

पारंपरिक आव्यात इनले करू नये, असं आमचं मत. आच पटकन चढते, साधारण ९०० अंशांच्या आतच राहते आणि फ्रिट नीट वितळत नाही. वर धुराने पांढऱ्यावर काळे डाग. आव्यातच द्यायचं असेल तर ताटली मोठ्या मडक्यात ठेवून झाकण घाला आणि रेघा काळ्या ठेवा.

विजेच्या भट्टीत ८० ते ९० अंशांवर तीन-चार तास, पावसाळ्यात रात्रभर. मग ६०० पर्यंत ताशी १०० अंशांहून जास्त नको. ५७३ अंशांना क्वार्ट्झचं आकारमान एकदम बदलतं, आणि अंगात व स्लिपमध्ये क्वार्ट्झ कमी-जास्त असेल तर जोड तिथेच सुटतो. पुढे ताशी १५० ने १००० पर्यंत. उतरतानाही तोच ५७३ चा टप्पा येतो, म्हणून दीडशेच्या वर झाकण उघडू नका. भट्टी उघडताना ‘टिंग’ असा आवाज आला तर तो तडाच.

ग्लेझ पारदर्शक, शिसंविरहित आणि पातळ. जाड झालं तर दुधाळ दिसतं आणि कोबाल्टची रेघ पसरते.

पडलेली फट

भांडं ओलं-कडक असेल तर चमच्याच्या पाठीने रेघ दाबा, कोनाने पुन्हा भरा, एक रात्र पिशवीत. पूर्ण वाळलं असेल तर ओली स्लिप नुसती भरू नका, ती भांड्याचं कोरडं अंग भिजवून नवी फट पाडते. तीच स्लिप भाजून कुटून निम्मी, कच्ची निम्मी, आणि पाण्याऐवजी व्हिनेगर असा घट्ट लगदा करून सुईच्या टोकाने भरा. बिस्कनंतर अर्ध्या मिलिमीटरपर्यंतची फट याच लगद्यात एक चतुर्थांश फ्रिट घालून भरता येते आणि पुन्हा त्याच तापमानाला भाजता येते. त्याहून रुंद असेल तर ती ताटली फोडून, कुटून, ६० मेशमधून चाळून ग्रॉगच्या डब्यात टाका.